करून पाहिलेली कादंबरी

"'मध्यम आचेवर, रंग बदलेपर्यंत परतावे,'" वन्संनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून मोठ्याने वाचलं. "कुठला रंग? कशापासून कशापर्यंत?"

जेवणाच्या टेबलाशी बसलेली लेखिका काही बोलली नाही. चाचणी चालू असताना बोलायचं नाही, हा नियम तिनेच केला होता.

"कांदा मघाशी पांढरा होता. आता पिवळट झाला. म्हणजे बदलला रंग. घालू पाणी?"

लेखिकेने वहीत 'रंग' या शब्दाखाली रेघ मारली.

"घातलं," वन्सं म्हणाल्या.

पुढची सगळी वाक्यं त्यांनी तशीच पाळली. विसाव्या मिनिटाला टेबलावर जो वाडगा आला, त्यात कोमट पाण्यावर कचकचीत कांदा तरंगत होता. वन्संनी तो अशा बेताने आदळला की थोडं सूप वहीवर सांडावं.

"घ्या. तुमचं सूप."

तेवीस वर्षं हे असंच चाललं होतं. लेखिकेचं पाककृतींचं पहिलं पुस्तक निघालं, तेव्हा तिने ठरवलं की स्वयंपाक अजिबात न येणाऱ्या माणसाने निव्वळ कागद वाचून पदार्थ करून पाहिल्याशिवाय एकही कृती छापायची नाही. असं माणूस घरातच होतं. नवऱ्याची धाकटी बहीण. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं नोकरी केलेली, दुकानादुकानांतून तराजू तपासत फिरलेली, एका ग्रॅमसाठी भल्या भल्या व्यापाऱ्यांना घाम फोडलेली बाई. चहा टाकायचा म्हटला तरी त्यांच्या कपाळावर आठी चढे. वन्संना लेखिका आवडत नव्हती आणि लेखिकेला वन्सं. पण कृतीच्या कागदावर त्या दोघींचं जमे. कागदावर जे लिहिलंय ते वन्सं अक्षरशः करत, आणि कागद जिथे गप्प असे तिथे जास्तीत जास्त वाईट काय करता येईल ते शोधून काढत. 'पीठ बाजूला ठेवावे' असं वाचून त्यांनी ते एकदा दोन दिवस बाजूला ठेवलं होतं. लेखिका बोंबलली, तेव्हा म्हणाल्या, "किती वेळ ते कुठे लिहिलंय?"

इतक्या आकसाने स्वयंपाक करणारं माणूस लाखात एखाद्या लेखकाला मिळतं. लेखिकेच्या अकरा पुस्तकांत एक चूक कुणाला सापडली नव्हती. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक ओळ असे: 'यातली प्रत्येक कृती स्वयंपाक न येणाऱ्या व्यक्तीने, कुणालाही न विचारता करून पाहिली आहे.' व्यक्तीचं नाव नसे. लेखिकेने ते कधी घातलं नाही आणि वन्संनी कधी मागितलं नाही.

त्याच तेवीस वर्षांत लेखिकेने चार कादंबऱ्याही लिहिल्या होत्या. त्या कुणी करून पाहिल्या नव्हत्या, आणि फारशा कुणी वाचल्याही नव्हत्या. एका समीक्षकाने लिहिलं होतं की पाककृती लिहिणाऱ्या या हाताला माणसंही चाळीस मिनिटांत शिजवायची घाई आहे. आता पाचवी तयार होती. तिच्यासाठी चार वर्षं गेली होती, आणि लेखिका सदुसष्टची होती. सहावी होणार नाही हे तिला ठाऊक होतं.

"'सोनेरी तपकिरी होईपर्यंत, अंदाजे पंचवीस मिनिटे,'" असं तिने वहीत लिहिलं. "उद्या परत करू."

"उद्या नाही," वन्सं एप्रन सोडत म्हणाल्या. "परवाही नाही. मी आता करणार नाही."

"अजून एकोणीस कृती राहिल्यात."

"राहू देत."

"का पण?"

"त्या तुमच्या गोष्टीतलं दार चुकलंय. आधी ते नीट करा."

वन्सं आपल्या खोलीत गेल्या आणि कडी घातल्याचा आवाज आला.

कुठलं दार हे लेखिकेला विचारावं लागलं नाही. कादंबरीचं तिसरं प्रकरण. सासरच्यांनी अकरा महिन्यांत परत पाठवलेली एक तरुण बाई संध्याकाळी भावाच्या दाराशी येऊन उभी राहते. हातात दोन पिशव्या. सासरी कारण काय दिलं, तर हिला स्वयंपाक येत नाही. दार उघडते ती भावजय. कादंबरी ती भावजयच सांगते आहे, 'मी' म्हणून. दारातल्या बाईकडे बघून ती म्हणते, 'आधी हातपाय धुवा. पान वाढते.' कादंबरीतलं सगळ्यात चांगलं पान ते, असं लेखिकेचं मत होतं.

वन्संना ते कळलं कसं, हे तिला गॅसजवळ पडलेला कागद उचलल्यावर उमगलं. ती पहिल्यापासून काटकसरी. कादंबरीची रद्द केलेली किंवा नव्याने उतरवून झालेली पानं पाठकोरी म्हणून ती ठेवून द्यायची आणि चाचणीच्या कृती त्यांवर लिहायची. कृती लिहिताना तिला कृतीचीच बाजू दिसे. चार वर्षं ती आपली कादंबरी, एकेक पान करून, स्वतःच्या हाताने वन्संना देत आली होती.

*

"बाई, कधी देताय?" प्रकाशकाने विचारलं. त्याचं ऑफिस पुस्तकांच्या गोदामावर होतं आणि तिथे सतत खळीचा वास येई. समोरच्या काचेच्या कपाटात तिची अकराही पुस्तकं ओळीने उभी होती.

"कादंबरी तयार आहे. प्रत तुमच्याकडेच आहे."

"कादंबरी कुठे विचारली मी?"

"माझ्या कादंबऱ्या दिसत नाहीत कपाटात."

"आहेत ना. आत आहेत."

प्रकाशक पंचेचाळीसचा होता. तो शाळेत होता तेव्हापासून लेखिका त्याला ओळखत होती आणि तेव्हाही तिला तो आवडत नव्हता.

"हे बघा, आपलं ठरलंय ते साधं आहे," तो म्हणाला. "महिनाअखेर साठच्या साठ कृती या टेबलावर. मग तुमची कादंबरी छापखान्यात जाईल. मी शब्दाचा पक्का आहे. बाबांसारखं नाही, तुम्ही द्याल ते छापायचं."

"तुमचे बाबा छापायच्या आधी वाचायचे."

"म्हणूनच हे गोदाम मला भरलेलं मिळालं." तो स्वतःच हसला. "आणि ती पहिल्या पानावरची ओळ हवी हं. नवीन लग्न झालेल्या पोरी ती ओळ बघून पुस्तक उचलतात."

"त्यातच अडचण आहे. चाचणी करणारी व्यक्ती सध्या करत नाहीये."

"आजारी आहे?"

"रागावलीय."

"मग ओळ छापू की तशीच. कोण तपासायला बसलंय?"

"ती व्यक्ती वजनमापे खात्यात होती," लेखिका म्हणाली. "ती बसलीय तपासायला."

प्रकाशकाने टाचणी दातात धरून थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. "तुमच्या घरातली भांडणं मला सांगू नका, बाई. साठ म्हणजे साठ. नाहीतर कादंबरीही आतच."

*

खालच्या मजल्यावर कपडे शिवणारी एक बाई राहायची. लेखिकेने तिला गळ घातली. शिंपीणबाई हुरळून गेली आणि भोपळ्याच्या सुपाचा कागद घेऊन ओट्याशी उभी राहिली. सूप दृष्ट लागण्यासारखं झालं.

"मीठ लिहायचं राहिलं होतं हो तुमचं," ती लाडाने म्हणाली. "मी घातलं आपलं. आणि पाणीही जरा कमीच घेतलं, पातळ झालं असतं."

"पण तुम्ही कागदाप्रमाणे करायचं होतं."

"अगंबाई! बिघडू द्यायचं होतं का?"

लेखिकेने तिचे आभार मानले आणि उरलेलं सूप डब्यात घालून तिलाच दिलं. ज्याला येतं त्याच्या हातून चुकीची कृतीही बरोबर उतरते. शिंपीणबाईचा काही उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी लेखिकेने पावाची कृती स्वतः करून पाहिली, चूक सापडली नाही, आणि चूक सापडली नाही यावर तिचाच विश्वास बसला नाही.

वन्सं हे सगळं सोफ्यावर बसून बघत होत्या. जेवणं तीनदा होत होती, नेहमीसारखी, वेळेवर, समोरासमोर. बोलणं होत नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारची ताटं उचलल्यावर लेखिकेनेच तोंड उघडलं.

"काय चुकलंय दारात?"

वन्सं उठल्या, खोलीत गेल्या आणि ऑफिसात असते तसली जाड पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली फाइल घेऊन आल्या. त्यातून सात कागद काढून त्यांनी टेबलावर ओळीने लावले. सगळ्यांवर तारखा घातलेल्या होत्या, त्यांच्या हाताने.

"'पेअरचा जाम, पहिली चाचणी,'" त्यांनी पहिल्यावर बोट ठेवलं. "उलटा."

लेखिकेने कागद उलटला. तिचंच अक्षर, वर तिरकी रेघ मारलेली. 'मी दार अर्धंच उघडलं. म्हणाले, आम्ही नुकतेच जेवलो.'

"आता हा. 'लिंबाचा केक.'"

मागे होतं: 'मी म्हणाले, आम्ही जेवलो, पण थांबा, बघते काही उरलंय का.'

"हा चौथा."

'या आत. चहा टाकते.'

"आणि हा सातवा, गेल्या महिन्यातला. हातपाय धुवा, पान वाढते." वन्संनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "दर खेपेला तुम्ही थोड्या थोड्या चांगल्या होत गेलात, वहिनी."

"कादंबरी आहे ती. पाककृती नाही," लेखिका म्हणाली. "त्यातली बाई मी नाही आणि ती दुसरी बाई तुम्ही नाही."

"मग माझ्या पिशव्या तिच्या हातात कशा? एकीचा बंद तुटलेला, गाठ मारलेला. तोसुद्धा उचललात."

"लेखक उचलतात. सगळेच उचलतात."

"उचला ना. मी कुठे नको म्हणतेय? मला गोष्टीत घातलंत त्याचं मला काही नाही. पण घातलंत तर वजन बरोबर टाका. पहिल्या खेपेला बरोबर टाकलं होतंत. म्हणजे तुम्हाला माहीत आहे. माहीत असून खोटं माप ठेवणाऱ्याला आम्ही सोडत नसू."

"छत्तीस वर्षं झाली त्याला!"

"पातेलं गॅसवर होतं," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. दुकानदाराला पंचनामा वाचून दाखवावा तसं त्या बोलत होत्या. "झाकण थडथडत होतं. बटाट्याचा वास येत होता. तुम्ही दाराच्या फटीत उभ्या राहून म्हणालात, आम्ही नुकतेच जेवलो. दादा आत पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला नाही. हे तर तुमच्या सातही कागदांत नाही."

"ते गेले. आता त्यांना कशाला ओढता?"

"मी म्हणाले, मीही जेवून आलेय. कुठे जेवले असेन मी? सकाळपासून बसमध्ये होते. मग त्या खोलीत जाऊन पडले. अर्ध्या तासाने चमचे वाजले."

लेखिकेने मान वर केली.

"हळू वाजवत होतात तुम्ही दोघं. पण वाजले."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून सायकल उतरवत होतं. प्रत्येक पायरीवर तिचा धक्का ऐकू येत होता.

चमच्यांचं लेखिकेला माहीत नव्हतं. म्हणजे चमचे आठवत होते. नवऱ्याने आपला चमचा ताटाच्या काठाला टेकवून अगदी अलगद ठेवला होता, हेसुद्धा आठवत होतं. भिंतीपलीकडे ते ऐकू गेले, हे माहीत नव्हतं. छत्तीस वर्षांत वन्संनी ते एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. भांडणात नाही, नवरा गेला तेव्हा नाही.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," ती म्हणाली.

"न विचारता करायचं, असा नियम आहे ना या घरात?"

"आणि त्यानंतर रोज जेवताय ते कुणाच्या हातचं?" लेखिका उसळली. "छत्तीस वर्षं! दोन्ही वेळ! त्याचं काय वजन धरता तुम्ही?"

"पूर्ण धरते. पथ्य असताना केलंत, आजारात केलंत, मी तोंड वाकडं करत असताना केलंत. ते कुठे खोडलंय मी? पण त्या संध्याकाळचं नाही."

लेखिकेने कागद गोळा करायला घेतले, मग सोडून दिले.

"मला भीती वाटली होती," ती शेवटी म्हणाली. "एकदा वाढलं की तुम्ही राहाल."

"राहिलेच की," वन्सं म्हणाल्या आणि फाइलची नाडी बांधू लागल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी लेखिकेने ते पान पुन्हा लिहिलं. एकोणीस कृती हव्या होत्या म्हणून लिहिलं. मनात दुसरं काही नव्हतं. अर्धं उघडलेलं दार, गॅसवरचं पातेलं, खाली न आलेला पेपर. मग भिंतीपलीकडे पडलेल्या बाईच्या कानांनी ऐकलेले चमचे. चाळीस मिनिटं लागली. लिहून झाल्यावर तिने ते वाचलं आणि मग आधीची दोन प्रकरणं काढून वाचली. एक ओळ खरी झाल्याबरोबर आसपासच्या अनेक ओळी उघड्या पडल्या होत्या. भावजयीचा समजूतदारपणा, तिची ती सोशिक वाक्यं, नणंदेबद्दलची ती दया. सगळं सजवून मांडलेलं होतं. दुपारपर्यंत तिने अकरा ठिकाणी खोडलं. संध्याकाळपर्यंत तिच्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा तिच्या कादंबरीतली बाई तिला आवडत नाहीये आणि तिच्यावरून नजरही हटत नाहीये.

तिने ते पान वन्संपुढे ठेवलं. वन्संनी उभ्याउभ्याच वाचलं. ओठ हलत होते. एका जागी थांबून त्या मागे गेल्या आणि परत वाचत पुढे आल्या.

"बटाटे लिहिलेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"ठीक आहे." पान टेबलावर ठेवून त्यांनी खुंटीवरचा एप्रन काढला. "आजचा कागद कुठाय?"

पुढचे चौदा दिवस ओट्याशी रणकंदन चाललं. 'थोडं कोमट' यावरून एक पाव दगड झाला. 'चांगलं फेटावं' यावरून वन्संनी अंडी हात भरून येईपर्यंत फेटली आणि वर लेखिकेलाच मलम लावायला सांगितलं. "चांगलं म्हणजे किती? मरेपर्यंत?" लेखिकेने वहीत 'तीन मिनिटे' लिहिलं. एकोणिसावी कृती महिना संपायला दोन दिवस असताना पार पडली. वन्संनी केकमध्ये सुरी खुपसली, ती स्वच्छ बाहेर आली, आणि त्या अत्यंत नाराजीने म्हणाल्या, "झालाय."

*

प्रकाशकाने साठ कृतींचा गठ्ठा चाळला, पहिल्या पानावरची ओळ पाहिली आणि समाधानाने तो बाजूला ठेवला. मग कादंबरीचा गठ्ठा पुढे ओढला. हा त्याच्याकडे चार दिवस होता.

"बाई, हे तिसरं प्रकरण बदललंत?"

"तुम्ही वाचलंत?"

"तेवढंच. आधीचंही तेवढंच वाचलं होतं. ते पान वाढते वगैरे. घरी बायकोला वाचून दाखवलं होतं मी, रडली ती. आणि आता हे काय?" त्याने पानावर बोट आपटलं. "दारातल्या बाईला उपाशी झोपवते आणि नंतर नवऱ्याबरोबर गुपचूप जेवते! कोण ही बाई?"

"कादंबरीतली बाई आहे."

"'मी' म्हणते ती. पुस्तकभर स्वयंपाक करते. वर तुमचं नाव. वाचक काय समजणार? ज्या नावावर मी सूप आणि केक विकतो, त्याच नावाची बाई घरी आलेल्या माणसाला म्हणते, आम्ही नुकतेच जेवलो! तिच्याकडून कोण स्वयंपाक शिकेल?"

"नाव बदलून छापा."

"मग तर तीस प्रतीही जाणार नाहीत. तुम्हालाही माहीत आहे." तो मागे टेकला. त्याचा राग खरा नव्हता. तो घाईत होता. "मी शब्द फिरवत नाही. तेवढं पान पूर्वीचं घाला, उद्या छापखान्यात पाठवतो. मुखपृष्ठसुद्धा तयार आहे, बघायचं तर बघा. उघडं दार आहे, आतून उजेड येतोय. सुंदर आहे."

"पूर्वीचं चुकीचं होतं."

"चुकीचं काय त्यात? गोष्ट आहे ती!"

असंच काहीतरी तीन आठवड्यांपूर्वी तिने स्वतःच म्हटलं होतं. तिला ते आठवलं आणि क्षणभर प्रकाशकाचा राग येईनासा झाला. एक पान. त्याच्या खणात ते पूर्वीचं पान असणारच. 'बरं' एवढंच म्हणायचं होतं. दुसऱ्या कुणी प्रकाशकाने ही कादंबरी घेतली नसती. तिघांना तिने आधी विचारलं होतं आणि तिघांनी अतिशय नम्रपणे तिच्याकडे पाककृती मागितल्या होत्या.

"सुतळी आहे का?" तिने विचारलं.

"अं?"

"सुटी पानं आहेत. वाऱ्याने उडतील."

प्रकाशकाने खणातून सुतळीचा तुकडा काढून दिला. तिने गठ्ठा टेबलावर उभा आपटून कडा एकसारख्या केल्या, उभी-आडवी सुतळी घातली आणि गाठ मारली. तो बघत राहिला.

"रागावू नका, बाई. पुढच्या पुस्तकाचं बोलू आपण. एकट्या माणसाचा स्वयंपाक, असं काहीतरी. हल्ली चालतं."

"मी रागावलेली नाही," लेखिका म्हणाली, आणि ते जवळजवळ खरं होतं.

खाली विक्रीच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईने तिला अडवलं. "बाई, बरं झालं भेटलात! तुमचा तो पाव. माझा वरून फुटतो आणि आत गिच्च राहतो. पाच वेळा केला."

लेखिकेने गठ्ठा काउंटरवर ठेवला. "ओव्हन आधी तापवता?"

"तापवते की."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"वीस लिहिलंय मी. आणि मधेच दार उघडून बघता?"

काउंटरवरची बाई ओशाळून हसली. मग लिहून घ्यायला वही उघडायची म्हणून तिने गठ्ठा कोपराने बाजूला सारला. तो कडेपर्यंत गेला. लेखिकेने त्यावर हात ठेवला आणि वीस मिनिटं, मधला खण, दार उघडायचं नाही, हे सगळं नीट, एकेक करून सांगितलं. बाईने दोनदा विचारलं, तिने दोनदा सांगितलं.

वन्सं रस्त्यापलीकडच्या बाकावर बसल्या होत्या. आपल्याला चष्म्याच्या दुकानात काम आहे म्हणून त्या बरोबर आल्या होत्या, पण दुकानाकडे त्या गेलेल्या दिसत नव्हत्या.

"काय झालं?"

"साठ घेतल्या. कादंबरी छापत नाही."

"का?"

"ती बाई वाईट आहे म्हणाला."

"आहेच." वन्सं उठल्या. "मग? बदललंत?"

"नाही."

"चमचे?"

"आहेत."

कोपऱ्यावरून बस वळताना दिसली. "ही नको, ही फिरून जाते," लेखिका म्हणाली. "फिरून जाऊ दे, मागची कधी येईल कुणी सांगितलंय? तुम्हाला सगळ्याची वेळ माहीत असते, बसची तेवढी नसते," असं म्हणत वन्सं पुढे झाल्या. चढताना लेखिकेला दांडी धरता येईना, तेव्हा त्यांनी तिच्या हातातला गठ्ठा हिसकल्यासारखा काढून घेतला आणि आधी चढल्या.

बसमध्ये एकच जागा रिकामी होती. वन्सं तिथे जाऊन बसल्या.

लेखिका त्यांच्या शेजारी दांडी धरून उभी राहिली. तीन थांबे गेले. पुढच्या सीटवरच्या माणसाने मागे वळून पाहिलं आणि वन्संना म्हणाला, "आजी, ते ओझं खाली ठेवा ना पायाशी. मोकळ्या बसाल."

"असू दे," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी लेखिकेला जागा दिली नाही, आणि लेखिकेने मागितली नाही. रस्ता खराब होता. प्रत्येक धक्क्याला वन्सं दोन्ही हातांनी गठ्ठा मांडीवर घट्ट धरत होत्या आणि खिडकीबाहेर बघत होत्या.